बेडक्यात काय दिसतं?

या महिन्यात बेडक्यावरची चार पत्रं एकदम आली. चौघांपैकी तिघांनी तो शब्द लिहायचंच टाळलंय. एकांनी 'ते' लिहिलंय, एका ताईंनी 'घशातली घाण', आणि एकांनी नुसत्या तीन टिंबांवर भागवलंय. छातीची डॉक्टर म्हणून मी सांगलीत २७ वर्षं बसते. पेशंट 'बिडी कधीच सोडली' म्हणतात आणि उठताना खिशातून काडेपेटी पडते. बेडका असं करत नाही. तेव्हा लाजू नका. रंग काय, दिवसाकाठी किती पडतो आणि कोणत्या वेळी, एवढं मात्र लिहीत जा.

प्रश्न : माझे सासरे ६२ वर्षांचे आहेत. तरुणपणी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात तमिळनाडूत २२ वर्षं होते. बिडी पंधराएक वर्षं ओढली, सोडून आठ वर्षं झाली. लहानपणी त्यांना बाळदमा होता असं आजेसासूबाई सांगायच्या. एका डॉक्टरांनी दमा सांगितला, दुसऱ्यांनी सीओपीडी (बिडी-धुराने श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात तो आजार), तिसऱ्यांनी 'दोन्ही आहे' म्हणून सोडून दिलं. थुंकी दोनदा तपासली, काही निघालं नाही. रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी ६ टक्के आहेत. आता नातेवाइकांतले एक डॉक्टर परत थुंकी तपासा म्हणतात. निघालं नाही तर परत कशाला? आणि तिघांत बरोबर कोण? सोबत रिपोर्ट जोडले आहेत.
— एक सून, खानापूर तालुका

उत्तर : सूनबाई, कागद पाहिले. 'काही निघालं नाही' हे तुमचं वाक्य आधी घेते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. दोन्ही रिपोर्ट टीबीचे आहेत. पहिल्यात झील-नीलसनचा रंग देऊन लाल काड्या शोधल्या, दुसऱ्यात सीबीनॅट मशीनवर टीबीच्या जंतूचा अंश शोधला. दोन्ही निगेटिव्ह, चांगली गोष्ट आहे. पण याचा अर्थ 'टीबी सापडला नाही' इतकाच. आपल्याकडे थुंकी तपासली म्हणजे टीबी तपासला असंच धरतात. डॉक्टरही फॉर्मवर नुसतं 'स्प्युटम' लिहून मोकळे होतात. बेडक्याला विचाराल तेवढंच तो सांगतो. टीबी आहे का, हा एक प्रश्न. दुसरे कुठले जंतू वाढताहेत, हा दुसरा. त्याला कल्चर लागतं, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून पाहणं. आणि सूज कोणत्या पेशींमुळे आहे, हा तिसरा. तो तुमच्या सासऱ्यांच्या बेडक्याला अजून कुणी विचारलेलाच नाही.

आता फुंकायच्या तपासणीचा कागद. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा नळ्या मोकळ्या करणाऱ्या पंपाच्या आधी १.३२ लिटर, पंप देऊन पंधरा-वीस मिनिटांनी १.६१ लिटर. म्हणजे २९० मिलिलिटरची, जवळजवळ २२ टक्क्यांची वाढ. १२ टक्के आणि २०० मिलिलिटर ही वेस त्यांनी ओलांडली, म्हणून पहिल्या डॉक्टरांनी दमा म्हटलं. पण पंपानंतरसुद्धा एकूण हवा २.७४ लिटर आणि पहिल्या सेकंदातली १.६१, म्हणजे गुणोत्तर ०.५९. ते ०.७० च्या खाली राहिलं, नळ्या पूर्ण मोकळ्या झाल्याच नाहीत, म्हणून दुसऱ्यांनी सीओपीडी म्हटलं. तिसऱ्यांनी दोन्ही आकडे शेजारी ठेवले. तिघांपैकी कुणी चुकलं असं मला वाटत नाही. सीओपीडीच्या कितीतरी पेशंटमध्ये पंपानंतर अशी वाढ दिसते, आणि जुनाट दम्यात नळ्या कायमच्या आखडतात. फुंकायचं मशीन नळी किती अरुंद झाली ते सांगतं. का झाली, ते सांगत नाही.

'दोन्ही' या प्रकाराला २०१४ साली दमा आणि सीओपीडीच्या दोन आंतरराष्ट्रीय समित्यांनी मिळून एक नाव दिलं होतं, ओव्हरलॅप. पुढे सीओपीडीवाल्यांनी २०२० मध्ये ते नाव सोडून दिलं. म्हणणं असं की हे दोन वेगळे आजार आहेत, एकाच माणसात शेजारी राहू शकतात, तिसरा आजार कशाला जन्माला घालता? मला ते पटतं. नावावरून वाद घालण्यापेक्षा सूज उतरवणाऱ्या स्टिरॉइडच्या पंपाने या माणसाला फायदा होईल का, हे विचारलेलं बरं. आणि ते विचारायची जागा बेडका.

ही गोष्ट जुनी आहे. इंग्लंडमधल्या डर्बी गावात हॅरी मॉरो ब्राऊन नावाचे डॉक्टर होते. १९५६ मध्ये तिकडच्या मोठ्या सरकारी चाचणीत जुनाट दम्यावर कॉर्टिझोन या स्टिरॉइडचा फारसा उपयोग नाही असं निघालं होतं. हे स्वतः मायक्रोस्कोप घेऊन बसले आणि पेशंटचे बेडके बघत गेले. ज्यांच्यात इओसिनोफिल होत्या त्यांना प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड लागू पडलं, ज्यांच्यात नव्हत्या त्यांना नाही. १९५८ मध्ये त्यांनी ते छापलं. म्हणजे औषधात खोट नव्हती, सगळ्यांना एकाच पोत्यात घातलं होतं. पुढे २००२ मध्ये लेस्टरच्या डॉक्टरांनी ७४ दमेकऱ्यांचे दोन गट केले. एका गटाचं औषध नेहमीसारखं लक्षणं पाहून ठरवलं, दुसऱ्याचं बेडक्यातल्या इओसिनोफिल मोजून. मोजलेल्या गटात दम्याचे जोराचे झटके बरेच कमी आले.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही. २००९ साली वाळव्याकडचे एक मामा माझ्याकडे यायचे. गुऱ्हाळावर चुलवाणापुढं बसून चिपाडाचा जाळ घालायचं काम, वय ५८, बिडी चालू. फुंकून पाहिलं तर नळ्या आवळलेल्या. मी ठसठशीत अक्षरात सीओपीडी लिहिलं. आधी एकदा न्यूमोनिया होऊन गेलेला, आणि सीओपीडीत स्टिरॉइडच्या पंपाने न्यूमोनियाचा धोका वाढतो हे खरंच आहे, म्हणून तो पंप बंद करून नुसता नळ्या मोकळ्या करणारा दिला. सातव्या आठवड्यात रात्री दोनला त्यांना जीपमधून आणलं. ओठ निळे. त्या रात्री ट्रेमध्ये पडलेला बेडका मी काचेवर पसरून ठेवला आणि सकाळी लाइशमनचा रंग देऊन पाहिला. शंभरात साठ पेशी इओसिनोफिल, आणि मधेमधे दोन्ही टोकांना निमुळते होत गेलेले चकचकीत स्फटिक. हे शार्को-लायडेन स्फटिक. इओसिनोफिल फुटून गेल्या की ते मागे उरतात. दम्याच्या बेडक्यात ते १८७२ मध्येच पाहिलेले आहेत. मामांच्या आईला दमा होता, हे मी विचारलंसुद्धा नव्हतं. ज्याच्यात दम्याचा अंश आहे त्याला स्टिरॉइडशिवाय नुसता लांब पल्ल्याचा नळ्या मोकळ्या करणारा पंप देणं धोक्याचं असतं. मामा वाचले. त्यानंतर मी दवाखान्यात एक जुना मायक्रोस्कोप घेऊन ठेवला. कंपाउंडर काका अजून त्याला 'मामांचं मशीन' म्हणतात.

तुमच्या सासऱ्यांचं रक्त. ६ टक्के या आकड्यावर जाऊ नका, एकूण पांढऱ्या पेशींशी गुणा : ८,२०० चे ६ टक्के म्हणजे ४९२. सीओपीडीत हा आकडा ३०० च्या वर असला तर स्टिरॉइडच्या पंपाचा फायदा होण्याची शक्यता चांगली, १०० च्या खाली असला तर जवळजवळ नाहीच. म्हणजे पारडं पंपाकडे झुकतंय. पण आपल्या भागात पोटातले जंत, अंगावरची ॲलर्जी, हत्तीपायाच्या जंतूंमुळे होणारा एक छातीचा आजार, यांनीही रक्तातल्या इओसिनोफिल वाढतात. रक्त म्हणजे बाजारपेठ, सगळ्या गावांची माणसं तिथे दिसतात. बेडका थेट त्या घरातला. बेडक्यात ३ टक्क्यांच्या वर इओसिनोफिल असल्या तरी त्या जास्त धरतात. रक्ताच्या ६ टक्क्यांशी त्याची तुलना करू नका, मापं वेगळी आहेत.

तपासणी कशी होते? बेडका आपोआप पडत असेल तर सोपं. नसेल तर आधी साल्बुटामॉलचा, म्हणजे नळ्या मोकळ्या करणारा पंप देतात, मग मिठाच्या दाट पाण्याची, साधारण ३ ते ५ टक्क्यांची वाफ थोडी थोडी देतात आणि मधे मधे फुंकायला लावतात. फुंक २० टक्क्यांनी खाली आली की थांबायचं. हे घरच्या नेब्युलायझरमध्ये मीठ कालवून करायचं काम नव्हे. कराल आणि धाप लागून पळत याल. खोलीच्या खिडक्या उघड्या हव्यात आणि टीबीचा प्रश्न आधी मिटलेला हवा, म्हणजे तुमचे ते दोन रिपोर्ट वाया गेलेले नाहीत. बेडका दोन तासांच्या आत लॅबमध्ये, तिथे औषध घालून चिकटपणा सोडवतात आणि काचेवर ४०० पेशी मोजतात. निरोगी माणसात बहुतेक सफाईवाल्या मोठ्या पेशी, मॅक्रोफेज, असतात. बिडीच्या, धुराच्या नाहीतर जंतूंच्या सुजेत न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी भरतात. दम्याच्या सुजेत बहुधा इओसिनोफिल. त्यांचे दाणे विटकरी दिसतात आणि केंद्रक चष्म्याच्या दोन काचांसारखं. काहींत दोन्ही भरपूर. अशी शास्त्रशुद्ध मोजणी सगळीकडे होत नाही, मोठ्या शिकवणाऱ्या रुग्णालयात विचारावं लागतं. फॉर्मवर 'पेशींची वर्गवार मोजणी, विशेषतः इओसिनोफिल' असं लिहून घ्या, नाहीतर तिसऱ्यांदा टीबीच तपासून येईल.

अट एकच. गेल्या महिन्याभरात प्रेडनिसोलोनच्या गोळ्या खाल्ल्या असतील तर आत्ता तपासू नका. स्टिरॉइडने इओसिनोफिल काही दिवसांत नाहीशा होतात आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो. 'दम्याची पुडी' घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. आणि तपासणीसाठी म्हणून चालू पंप स्वतःहून बंद करू नका.

इओसिनोफिल जास्त निघाल्या तर स्टिरॉइडचा पंप त्यांनी आयुष्यात मध्येच सोडायचा नाही, बिडीचा इतिहास काहीही असो. नाहीच निघाल्या आणि न्यूट्रोफिल भरलेल्या असल्या, तर स्टिरॉइड वाढवत नेण्यात अर्थ नाही. मग जंतू, छातीचा सीटी, फुप्फुसाचे व्यायाम आणि लस हा रस्ता. तरी लहानपणचा बाळदमा लक्षात घेता पंप पूर्ण बंद करायची मला तरी घाई होणार नाही. एक राहिलं : सासरे भट्टीवर होते की दुकानात बसायचे? मूस आणि तेजाबाजवळ काम केलेल्या माणसाने नायट्रिक ॲसिडचा तांबूस धूर वर्षानुवर्षं खाल्लेला असतो. ही माहिती कुठल्याच केसपेपरवर नाही. ती लिहायला लावा.

प्रश्न : आमचं बेदाण्याचं शेड आहे. वय ३४. फेब्रुवारीपासून बेदाण्याला गंधकाची धुरी देतो त्या दिवसांत छाती घरघरते, पांढरा चिकट कफ पडतो. पावसाळ्यात काही नाही. एक्स-रे स्वच्छ. हा दमा म्हणायचा का? कफ तपासून उपयोग?
— तासगाव

उत्तर : उपयोग आहे, पण वेळ साधली तर. तुम्ही जूनमध्ये बेडका घेऊन आलात तर काहीच दिसणार नाही आणि मी तुम्हाला ठणठणीत ठरवून घरी पाठवीन. धुरीच्या दिवसांत एकदा आणि शेड बंद झाल्यावर महिन्याने एकदा, असे दोन नमुने शेजारी ठेवले तर बोलतात. कामाच्या दिवसांत इओसिनोफिल वाढल्या आणि सुट्टीत उतरल्या तर कामाशी संबंध पक्का होत जातो.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे पीक फ्लो मीटर. नळीत जोरात फुंकायचं, काटा कुठे गेला ते लिहायचं. दिवसातून चारदा, धुरीचे दोन आठवडे आणि नंतरचे दोन आठवडे. वहीच्या पानावर धुरी दिलेल्या दिवशी खूण करा. गंधक जाळल्यावर निघणारा सल्फर डायऑक्साइड दमेकऱ्याच्या नळ्या काही मिनिटांत आवळतो, त्याला ॲलर्जी लागत नाही. त्यामुळे असंही निघेल की दमा तुमच्यात मुळात हलका होताच, धुरीने फक्त उघडा पाडला. तोवर धुरी सुरू असताना आत पाऊल टाकायचं नाही. तोंडाला उपरणं बांधून वायू अडत नाही, हे मी तासगावच्या किती जणांना सांगितलं असेल त्याची गणती नाही.

प्रश्न : मला २०११ मध्ये टीबी झाला, पूर्ण कोर्स केला. आता ४८ वय. रोज सकाळी अर्धा कप हिरवट पिवळा कफ पडतो, दोनदा रक्ताची रेघ आली. टीबीच्या मशीनवर 'अतिशय कमी' जंतू असं आलं. परत टीबीची औषधं सुरू करायची का? एकजण म्हणाले हा सीओपीडी आहे, पंप घ्या.
— जत तालुका

उत्तर : दादा, रोज सकाळी अर्धा कप हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. दम्यात किंवा सीओपीडीत इतका बेडका रोज, वर्षानुवर्षं, सहसा पडत नाही. टीबीने फुप्फुसाचा तुकडा आखडतो, तिथल्या नळ्या ताणल्या जाऊन पिशव्यांसारख्या रुंद होतात, आणि त्यांत कफ साचून कुजतो. याला ब्रॉंकिएक्टेसिस म्हणतात. फुंकायच्या तपासणीत हा आजार हुबेहूब सीओपीडीसारखा दिसू शकतो, म्हणून ती गल्लत होते. निकाल एचआरसीटीवर, म्हणजे छातीच्या बारकाव्याच्या सीटीवर लागतो. एक घरगुती गंमत करून पाहा : सकाळचा बेडका काचेच्या पारदर्शक बरणीत तासभर ठेवा. वर फेस, मधे पातळ, तळाशी पू, असे थर दिसले तर तो फोटो काढून डॉक्टरांना दाखवा.

मशीनचं म्हणाल तर ते जंतूचा डीएनए शोधतं. जंतू जिवंत आहे की मेलेला, हे त्याला कळत नाही. आधी टीबी होऊन गेलेल्या माणसात 'अतिशय कमी' असा रिपोर्ट जुन्या मेलेल्या जंतूंमुळेही येतो. म्हणून टीबीसाठी द्रव माध्यमातलं कल्चर लावतात, त्यात जिवंत जंतूच वाढतो. निगेटिव्ह म्हणायला सहा आठवडे थांबावं लागतं. तोवर औषध सुरू करायचं की नाही हे वजन, ताप, नवा एक्स-रे पाहून ठरतं. ते मी पत्रातून ठरवणार नाही. सरकारी टीबी केंद्रात हे फुकट होतं आणि तुमची जुनी नोंद त्यांना मदत करेल. शेजारी साधं कल्चरही लावून घ्या. स्युडोमोनास नावाचा जंतू निघाला तर प्रतिजैविकं वेगळी लागतात, मेडिकलमधून आणलेली पाच दिवसांची पट्टी त्याला पुरत नाही. रक्त रेघेपुरतं असेल तर आठवड्यात दाखवा. कपभर आलं तर त्याच तासाला दवाखाना.

प्रश्न : गावभागात राहतो. २०१९ च्या पुरापासून भिंतीची ओल गेलेली नाही. जुना दमा आहे. हल्ली खोकल्यातून तपकिरी, रबरासारखे तुकडे पडतात. ते काय असतात? शिवाय डॉक्टरांनी डबी दिलीय, पण त्यात नुसती थुंकीच पडते. तीच देऊ का?
— सांगली

उत्तर : तपकिरी तुकड्यांना हलकं घेऊ नका. दमेकऱ्याच्या नळ्यांत ॲस्परजिलस नावाची बुरशी राहायला येते, शरीर तिच्यावर ॲलर्जीने तुटून पडतं, आणि असे साचे तयार होतात. रक्तात एकूण आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रथिन), ॲस्परजिलसचं खास आयजीई आणि छातीचा सीटी, एवढं सांगा. तुकडा टाकू नका, तोच डबीत घाला, फॉर्मवर 'बुरशी' लिहून घ्या. भिंतीमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, पण पलंग त्या भिंतीपासून आजच हलवा.

आणि नुसती थुंकी नको. लॅबवाल्याला मायक्रोस्कोपखाली गालाच्या आतल्या चपट्या पेशींचा ढीग दिसतो आणि नमुना कचऱ्यात जातो. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा, कवळी असेल तर काढा. उन्हात किंवा गच्चीवर उभे राहा, घरात सगळ्यांच्या मधे नको. दोनदा खोल श्वास घेऊन सोडा, तिसरा घेऊन दोन-तीन सेकंद धरा आणि पोटातून खोका. वर आलेलं गिळू नका. चमचाभर पुरतं. झाकण घट्ट लावून लगेच नेऊन द्या, दुपारी बाजाराला जाताना नाही. आणि नाव झाकणावर नको, डबीच्या अंगावर लिहा. झाकणं बदलली जातात.